थाळी ऐकू येईल असं छप्पर

सोलापुरातले तमाम नातेवाईक, शेजारी आणि आमच्या भिशीतल्या भगिनी यांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, मी पनवेलला जाऊन आले आहे आणि जिवंत आहे. मी डोंगराखाली गेल्याची जी बातमी माझ्या माघारी पसरली होती, तिचा मी अत्यंत गांभीर्याने इन्कार करते. मी डोंगराखाली गेले नव्हते. डोंगरच माझ्याकडे यायला निघाला होता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो सांगायलाच लिहायला बसले आहे.

आधी एक कबूल करते. मी भित्री आहे. पण माझं भिणं साधंसुधं नाही. ते संगीत नाटकासारखं आहे, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत साग्रसंगीत. पालीला भिते, लिफ्टला भिते, आणि पाण्याला तर लांबूनच नमस्कार करते. सोलापुरात हे खपून जातं, कारण आमच्याकडे पाणी पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेताच जातं. माझा धंदा मात्र धीराचा आहे. मी इमारती आखते, त्यातही शाळा. जाड भिंती, लहान खिडक्या आणि मधोमध उघडा चौक, अशी माझी रीत. बाहेर माळरान तव्यासारखं तापलेलं असताना माझ्या वर्गात पोरं गारव्याला झोपी जातात, अशी माझी कीर्ती आहे.

तसली एक शाळा पाहून पनवेलच्या एका छोट्या संस्थेनं मला बोलावलं. पनवेलमागच्या डोंगरात एक कातकरी वाडी, तिथे पहिली ते चौथीची नवी शाळा बांधायची होती. मी हिवाळ्यात येते म्हटलं. तिथल्या शिक्षिका म्हात्रे बाई फोनवर म्हणाल्या, पावसातच या, हिवाळ्यात इथे मुलं नसतात. मुलं नसतात म्हणजे जातात कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाऊस हा एकच शब्द ऐकून माझी नांदी सुरू झाली होती.

नवीन पनवेल: भाकरी सादळते

सोलापूरहून निघताना मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली होती. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते, आणि तिनं डोकं फोडता येतं. पनवेलला उतरून डबा उघडला तर भाकरी सादळून रुमालासारखी झाली होती. घडी घालून ठेवता आली असती. हवेतच इतकं पाणी असेल तर आभाळात किती असेल, या विचारानं मी तिथल्या तिथे दुसरी छत्री विकत घेतली.

म्हात्रे बाईंनी मला आपल्याच घरी उतरवून घेतलं. नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. माहेर उरणकडचं, आगरी. वय चाळिशीचं, बोलणं खणखणीत. घरात दोरीवर आठवड्याचे कपडे, त्यांच्यावर पंखा, आणि वाळलेला कपडा मिळाला की आनंदाची हाक. आमच्याकडे कपडा वाळत घालून मागे वळेपर्यंत वाळतो, हे मी सांगितलं तर बाईंच्या सासूबाईंनी माझ्याकडे थापाड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

जेवायला शेवळं होती. ही रानातली भाजी पावसाच्या सुरुवातीला उगवते आणि नीट केली नाही तर घसा इतका खाजतो की बोलती बंद होते. हे मला पहिला घास गिळल्यावर सांगण्यात आलं. बाई म्हणाल्या, आम्ही काकडाची फळं घालतो, मग नाही खाजत, घाबरू नका. 'घाबरू नका' हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते ऐकलं की मला ज्याची भीती वाटली नव्हती त्याचीही वाटायला लागायची. कोलंबी घातलेली ती भाजी स्वर्गीय होती. मी दोनदा घेतली, आणि संध्याकाळभर थोड्या थोड्या वेळानं खाकरून घसा जागेवर आहे ना ते पाहिलं.

जेवण झाल्यावर मी टेबलावर माझा नकाशा उलगडला. जरा थाटातच. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मधल्या चौकावर बोट ठेवून विचारलं,

"हा हौद कशाला?"

मी म्हटलं, हौद नाही, चौक आहे, मुलं खेळतील.  बाईंनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाऊस वरून खाली पडतच नव्हता. तो पश्चिमेकडून आडवा येत होता, कुणीतरी बादल्या भरभरून फेकाव्यात तसा. मी नकाशाची गुंडाळी केली.

वाडी

दुसऱ्या दिवशी बाईंच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. रस्ता संपला तिथे स्कूटर एका टपरीपाशी लावली आणि पुढे चढ. वाटेत एक ओढा, त्यावर दोन ओंडक्यांचा साकव. खालून तांबडं पाणी उड्या मारत चाललेलं. बाई टुणकन पलीकडे गेल्या. मी तो साकव कसा ओलांडला ते सांगत नाही. भिशीतल्या भगिनींना माझी कल्पना आहे.

वाडी म्हणजे ओढ्याच्या काठानं एका ओळीत कुडाची घरं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ. वाडीच्या मागून चढत गेलं की सपाट माळ, त्यावर एक जुनं आंब्याचं झाड. आणि घरांपासून बाजूला, ओढ्याच्या वळणावर, डोंगराच्या अगदी पायथ्याला शाळा: एक लांब खोली, चार भिंती, वर पत्रा. शेजारी एक नवी सपाट केलेली जागा. नवी शाळा इथेच, असं संस्थेनं ठरवून टाकलं होतं. जागा फार देखणी होती. मागे हिरवा डोंगर, समोर धुकं. मला ती पाहताक्षणी आवडली आणि लगेच तिची भीती वाटली, कारण इतकी सपाट जागा डोंगर कुणाला उगीच देत नाही.

आणि मुलं. तोपर्यंत मला कळलं होतं की मुलं हिवाळ्यात कुठे जातात. वाडीतल्या कुणाकडे जमीन नाही. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, आणि उन्हाळा संपता संपता परत येते. म्हणजे या मुलांना शाळा मिळते ती पावसातली. आमच्याकडे पाऊस आला की शाळेला सुट्टी. इथे पाऊस आला की शाळा सुरू.

वर्गात शिरले तेव्हा बाहेर रिमझिम होती. बाई पाढे घेत होत्या, पोरं चालीत म्हणत होती. मग एकदम जोराची सर आली. डोक्यावर कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा केला असं वाटलं. पाढे चालू होते, पण मला दिसत होते फक्त ओठ. बाई अजिबात थांबल्या नाहीत. त्यांनी फळ्याकडे वळून लिहायला सुरुवात केली, हातांनी खुणा केल्या, आणि पोरांनी पाट्या काढल्या. सर ओसरली तसा आवाज परत आला, मधलं काही हरवलंच नाही अशा थाटात. असं दिवसभर. मी बाईंना विचारलं की चार महिने हेच? त्या म्हणाल्या, आम्ही आता खुणांनीच भागाकार करतो, घाबरू नका.

मुलांत एक मंजी होती. नाव मंजुळा, दुसरीतली, शेवटच्या कोपऱ्यात बसणारी. कशालाही नावं ठेवण्याचा तिला जन्मजात हक्क होता. माझा चष्मा वाकडा आहे, बाईंचा खडू किंचाळतो, माझ्या पिशवीला वास येतो (चटणीचा), असं तिनं पहिल्या तासातच जाहीर केलं. मला ती फार आवडली. माझ्या क्षेत्रात इतकं स्वच्छ मत कुणी देत नाही.

मधल्या सुट्टीत पोरांनी खेकडे पकडून आणले आणि मी बाकावर चढले. तिथूनच मला मंजीची आजी दिसली. सोमीआजी ओढ्याकाठच्या त्या कातळावर डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसली होती, आणि मांडीवर एक थाळी. बाईंनी सांगितलं, ती राखण करते. मी विचारलं, कशाची? ओढ्याची, त्या म्हणाल्या. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं तर समजायचं की वर कुठेतरी दरड कोसळून वाट अडली आहे.

"पावसात ओढा आटला तर तो आटलेला नसतो, मॅडम," बाई म्हणाल्या. "दबा धरून बसलेला असतो."

मग सोमीआजी थाळी बडवते, आणि सगळी वाडी शेरडंकरडं घेऊन वरच्या माळावर आंब्याखाली जाते. थाळी काशाची, तिच्या आईची. वाडीत मूल जन्मलं की तीच वाजते आणि डोंगर सरकला की तीच. काशाचा सूर लांब जातो, पण आपटलं तर त्याला तडा जातो, म्हणून आजी ती कुणाच्या हातात देत नाही. मंजीलासुद्धा नाही.

मी विचारलं, शेवटची कधी वाजली? बाईंनी आठवून पाहिलं. शाळेवर गवताचं छप्पर होतं तेव्हा. पत्रा घातल्यापासून वेळच आली नव्हती.

मी हे ऐकलं, मान डोलावली, आणि वहीत खिडक्यांची मापं लिहिली. बाईंनीही ऐकलं, त्याच बोलत होत्या. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात पुढची गोष्ट आली नाही.

मुकी थाळी

तिसऱ्या दिवशी शेठ आले. नव्या शाळेचं छप्पर तेच देणार होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं पत्र्याचं गोदाम आहे. मूळचे कच्छचे, तीन पिढ्या इथे, मराठी आपल्यापेक्षा झणझणीत. पांढरी सफारी, पांढरे बूट, आणि काखेत निळ्या पत्र्याचा नमुना. ते साकव ओलांडून आले तेव्हा त्यांचा चेहरा मला फार ओळखीचा वाटला. तो माझाच होता.

शेठ वर्गात शिरले आणि आभाळ फुटलं. आधीच्या सरी या सरीच्या नाती वाटाव्यात. शेठनी नमुना वर धरून भाषण सुरू केलं. गंज, हमी आणि रंग यांबद्दल असावं. मला ऐकू आला फक्त पत्रा, तोही नमुन्याचा नव्हे, डोक्यावरचा. पोरं टाळ्या वाजवत होती, त्याही ऐकू येत नव्हत्या. मला हसू येत होतं. एक माणूस पत्र्याखाली उभा राहून पत्र्याची थोरवी गातोय आणि पत्रा त्याला बोलू देत नाहीये.

मी दाराजवळ बसले होते. भित्र्या माणसानं दाराजवळच बसावं. बाहेर पाहिलं तर अंगणाच्या कडेला, पावसात, सोमीआजी उभी होती. इरलं नव्हतं. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात दगड. ती थाळीवर दगड मारत होती आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होती.

आवाज नव्हता. जराही नाही.

आणि मी, सोलापूरची विदुषी, तिच्याकडे पाहून आनंदानं हात हलवला. थाळी वाजवतेय म्हणजे जेवायला बोलावतेय, असं वाटलं मला. तिनं पुन्हा मारलं. मी हातानं खूण केली की येतो, येतो, शेठचं होऊ दे. तिचा हात वर जायचा, खाली यायचा, थाळी थरथरायची, आणि काहीही ऐकू यायचं नाही. मग मला तिच्या पाठीमागे दिसलं की वाटेवरून माणसं चढतायत. एका बाईच्या काखेत करडू, खांद्यावर पोर. सगळे एकाच दिशेनं. आणि ओढा, जो सकाळी साकवाला चाटत होता, त्याच्यातले दगड उघडे पडले होते.

भीती माझी जुनी मैत्रीण आहे. ती येताना पैंजण वाजवत येते, हे मला ठाऊक आहे. या वेळी ती वाजली नाही.  फक्त सगळं फार हळू आणि फार स्वच्छ दिसायला लागलं: शेठचे हलणारे ओठ, मंजीची पाटी, बाईंच्या बोटांवरचा खडू. मी किंचाळले असेन. ते मलाच ऐकू आलं नाही. शेवटी मी बाईंचा हात धरून त्यांना दाराकडे वळवलं.

बाईंनी थाळी पाहिली. त्या 'घाबरू नका' म्हणाल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेऊन एक खूण केली, भागाकाराच्या खुणांतली नसलेली, आणि पोरं उठली. दप्तरं नाही, पाट्या नाही. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले आणि ओळ दाराबाहेर पडली. शेठ अजून बोलत होते. मी त्यांच्या हातातला नमुना ओढला, तो खाली पडला, आणि तेव्हा कुठे त्यांनी बाहेर पाहिलं.

माळावरचा चढ मी कसा चढले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अंगणाबाहेर चार पावलं टाकल्याबरोबर थाळी ऐकू आली. लख्ख, कानाला टोचणारी. ती इतका वेळ तिथेच वाजत होती. फक्त आमच्या छपराखाली ती नव्हती.

आंब्याखाली सगळी वाडी उभी होती. बाई प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावत फिरल्या, आणि पुन्हा एकदा फिरल्या. सगळी होती. शेठच्या पायात एकच बूट होता आणि हातात कुणाचं तरी करडू. ते करडू त्यांच्या सफारीचा खिसा चावत होतं आणि ते त्याला चावू देत होते. मग खालून एक आवाज आला, जड, जमिनीतून येणारा, दातांत जाणवणारा. ओढा परत आला होता, आपल्याबरोबर चिखल, दगड आणि झाडं घेऊन. त्यानं साकव नेला. ती नवी, देखणी, सपाट जागा नेली. म्हणजे तिच्यावर आणखी एक डोंगर ठेवला. शाळेचं दार आत ढकललं गेलं आणि चिखल खिडक्यांपर्यंत शिरला. घरांच्या ओळीला त्यानं सोडलं, फक्त शेवटच्या घराचं कुंपण घेतलं.

कुणी रडलं नाही. पत्र्यावर अजून पाऊस वाजत होता. इतक्या वरूनही तो ऐकू येत होता.

मी सोमीआजीजवळ जाऊन बसले. तिचे आभार कसे मानावेत हे मला कळेना, म्हणून मी थाळी बघायला मागितली. तिनं थाळी पदराखाली घेतली आणि मान हलवली. दमली असेल, असं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं शेठ माझ्या शेजारी आले. ओले, बारीक झालेले.

"मी बोलत होतो," ते म्हणाले. "ती वाजवत होती आणि मी बोलत होतो."

कळंबोली

दुसऱ्याच दिवशी परत फिरावं असं माझ्या प्रत्येक हाडाचं मत होतं. मी बॅगही भरली. पण बाईंच्या टेबलावर तो गुंडाळलेला नकाशा पडला होता, आणि तो मला सोडवेना. मी त्यात पावसापासून बचावासाठी काय ठरवलं होतं? घट्ट बंद होणाऱ्या सरकत्या काचा. म्हणजे पत्र्याखालून उरलासुरला आवाज येण्याची जी फट होती, ती मी बुजवणार होते.

नवी शाळा वरच्या माळावर, आंब्याच्या बाजूला, हे ठरायला वेळ लागला नाही. मग मला वाटलं, आता माळावर शाळा म्हणजे थाळीची गरजच काय? बाई म्हणाल्या, गरज शाळा सुटताना आहे. वर ऐकू आलं नाही तर मी मुलांना घरी सोडीन, आणि घरं ओढ्याकाठी. ते ऐकून मी नकाशातल्या सरकत्या काचा खोडून टाकल्या.

छपराचं काय करायचं? कौलं म्हणावीत तर वाडीतल्या लोकांनी साफ नकार दिला. माकडं फोडतात, मग गळतं, आमाला पत्राच पायजेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. गवत दरवर्षी शाकारायला हवं, आणि उन्हाळ्यात शाकारायला वाडीत माणूस नसतो. शेठ तर पत्रा द्यायला आता आणखीच उतावीळ झाले होते. पापक्षालन म्हणून हवा तेवढा देतो म्हणत होते. मग बाईंच्या सासूबाईंनी शेवळं निवडता निवडता सांगितलं की उरणला त्यांच्या भावानं पत्र्यावर कौलं घातली आहेत. कौल फुटलं तरी खाली पत्रा आहे, आणि पाऊस वाजतो तो कौलावर.

आम्ही कळंबोलीला शेठच्या गोदामात गेलो. ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत, लोखंडाच्या ढिगांमधून. तिथे शेठनी पत्र्याचा मांडव उभारला, त्यावर पट्ट्या ठोकून कौलं लावली, खालून बांबूचे तट्टे बांधले आणि वरून पाइपनं पाणी सोडलं. खाली आपल्या मुनीमजींना बसवलं आणि लांबून देवघरातली घंटा वाजवली. मुनीमजी बाहेर येऊन म्हणाले, घंटा ऐकली, शेठचा दमा पण ऐकला. शेठ खूश झाले, मग एकदम खट्टू झाले. त्यांनी मला हळूच विचारलं की वर कौलं आणि खाली तट्टे, म्हणजे माझा निळा रंग कुणालाच दिसणार नाही? मी म्हटलं, दिसणार नाही आणि ऐकूही येणार नाही. हीच त्याची थोरवी.

पुन्हा वाडी, पुढचा आषाढ

आधी एकच खोली बांधून पाहायची, असं ठरलं होतं. ती बघायला मी वर्षानं परत गेले. भाकरी न घेता.

काळ्या दगडाचं उंच जोतं. पश्चिमेची भिंत भरीव, तिला बाहेरून माडाच्या विणलेल्या झापांचा पडदा, आडवा पाऊस अंगावर घ्यायला. पूर्वेला आणि खाली ओढ्याच्या बाजूला रुंद पडवी आणि उघड्या जाळ्या; छपराची पाख इतकी खाली ओढलेली की मला वाकून आत जावं लागलं. शेजारी खिचडीची चूल, आणि तिच्या भिंतीला खुंट्या, पोरांचे ओले कपडे उबेला टांगायला. चौक नव्हता. मंजीनं मला हात धरून सगळं फिरवलं आणि खुंट्या फार उंच आहेत असं सांगितलं. त्या होत्या. मी तिसऱ्या दिवशी सुताराकडून खाली आणवल्या.

पण छप्पर बरोबर आहे की नाही, हे पाइपच्या पाण्यानं ठरत नाही. त्याला इथलाच पाऊस हवा. आम्ही वाट पाहत होतो, आणि मला तो यायला हवाही होता आणि नकोही होता. सोमीआजीला सांगून ठेवलं होतं की मोठी सर आली की कातळावरून थाळी वाजव. वाडीत घरोघर सांगून ठेवलं होतं की आज वाजली तर पळू नका.

दुपारी आली. मागल्या वर्षीची ती, किंवा तिची सख्खी बहीण. झाडं वाकली, समोरची वाडी पुसली गेली. कौलांवर पाऊस वाजायला लागला, भरून, जाड, गोधडी झटकल्यासारखा. बाई फळ्यापाशी थांबल्या. शेठ आले होते, रबरी चपला घालून. त्यांनी हात जोडले. मी शेवटच्या कोपऱ्यात मंजीशेजारी जमिनीवर बसले, कारण सगळ्यात अवघड जागा तीच होती. इथे ऐकू आलं तर सगळीकडे येईल.

आलं नाही.

मला फक्त पाऊस ऐकू येत होता. आणि डोळ्यांसमोर तेच, वर जाणारा आणि खाली येणारा एक हात. मी मनातल्या मनात सगळं पाडायला सुरुवात केली: कौलं, पत्रा, जाळ्या, माझी कीर्ती. मग कुठेतरी खूप खाली काहीतरी झालं असं वाटलं. भास असेल. मी बाईंकडे पाहिलं, बाई शेठकडे पाहत होत्या, शेठ माझ्याकडे. एकालाही पहिल्यांदा बोलायचा धीर होईना. पोरं आमच्या तोंडांकडे बघत होती, जाळीतून गार वारा येत होता, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला जे ऐकू आलं ते आपल्या मनानंच वाजवलं.

मंजीनं कपाळाला आठ्या घातल्या, मान वाकडी करून ओढ्याकडे कान दिला, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी बोलली,

"बाई, आजीची थाली फुटकी वाजते."